पळस, पायऱ्या आणि अमावास्या : नागपूरहून साडेतीन दिवस

नागपूर, रामटेक आणि पेंचच्या रानात कॅमेरा घेऊन पायी फिरायचं तर तारीख ठरवायला भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. महाशिवरात्र शोधा आणि तिथून पुढचे तीन दिवस मोकळे ठेवा. शिवरात्र माघ वद्य चतुर्दशीला येते, म्हणजे दुसऱ्या दिवशी अमावास्या. रात्री चंद्र नाही, थंडी उतरणीला लागलेली, साग निष्पर्ण होत आलेला आणि पळस ऐन भरात. हे सगळं एकत्र जुळून येतं ते याच आठवड्यात. वर्षाप्रमाणे ही तिथी फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत कुठेही पडते. शिवरात्रीला अर्धं नागपूर पचमढीच्या महादेवाला निघालेलं असतं, पण ती गर्दी छिंदवाडा रस्त्याला. आपला रस्ता जबलपूरचा.

चालणं आणि फोटो यांचा हिशेब एकमेकांशी जुळत नाही, हे निघण्याआधीच मान्य करावं. नुसता चालणारा माणूस सपाटीवर तासाला चार किलोमीटर सहज कापतो. कॅमेरा गळ्यात असला की हाच वेग एक ते दीड किलोमीटरवर येतो, आणि हे चांगल्या दिवसाचं बोलतोय. फेब्रुवारीअखेर नागपुरात सूर्य ६:३५च्या सुमारास उगवतो आणि सव्वासहाच्या आसपास मावळतो. कामाचा उजेड सकाळी नऊपर्यंत आणि संध्याकाळी पावणेपाचनंतर. म्हणजे सकाळच्या फेरीत तीन-साडेतीन किलोमीटर, त्याहून जास्त नाही. नकाशावर दहा किलोमीटरची वाट आखून निघालेल्यांचे सगळे बरे फोटो पहिल्या दोन किलोमीटरमधले असतात. उरलेले आठ किलोमीटर ते फक्त वजन वाहतात. आधी उजेड कुठे पडणार ते बघायचं, मग वाट ठरवायची.

वजनाचं सांगतो. क्रॉप (लहान) सेन्सरची कॅमेरा-बॉडी साधारण ६०० ग्रॅम, ७०-३०० मिमीची लेन्स ७०० ग्रॅम, १६ मिमीच्या आसपासची रुंद लेन्स ३०० ग्रॅम, ट्रायपॉड सव्वा किलो. पाणी अर्ध्या दिवसाला तीन लिटर, म्हणजे तीन किलो. बॅटऱ्या, डबा, टोपी, पातळ जाकीट धरून पाठीवर सात किलो होतात. दुसरी बॉडी घरी ठेवा. ट्रायपॉड दिवसा गाडीत राहिला तरी चालतो, पाणी मात्र कमी करायचं नाही. फेब्रुवारीतही दुपारचा पारा ३२-३३ अंशांवर जातो.

दिवस पहिला : अंबाझरी

शिवरात्रीची सकाळ शहरातच. अंबाझरी तलावामागचं जैवविविधता उद्यान म्हणजे माळ, झुडपं, मधेमधे झाडी आणि पाण्याचा काठ. पायी चालायला आणि सायकलीला आखलेले रस्ते आहेत. लांबच्या जंगलात जाण्याआधी हात बसवून घ्यायला याहून सोयीची जागा नाही, कारण इथले मोर आणि नीलगायी माणसाला रुळलेल्या आहेत. दार उघडण्याची वेळ मोसमाप्रमाणे बदलते, ती आदल्या दिवशी विचारून घ्यावी. उजाडताना आत असणं महत्त्वाचं.

पहिला तास वेड्या राघूला द्यावा. हा पक्षी तारेवर किंवा उघड्या काडीवर बसतो, उडून किडा पकडतो आणि बहुतेक वेळा त्याच काडीवर परत येतो. नवशिका त्याच्यामागे कॅमेरा फिरवत राहतो आणि कार्डभर रिकामं आभाळ घरी नेतो. त्यापेक्षा आठ-दहा मीटरवर, सूर्य पाठीशी घेऊन खाली बसा. फोकस काडीवर धरून ठेवा. शटर १/२००० सेकंद, ॲपर्चर (लेन्सचं उघडणं) एफ ६.३, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ऑटो. राघू परत आला की किडा लगेच गिळत नाही. चोचीत धरून काडीवर दोन-चारदा आपटतो, मधमाशी असेल तर तिची नांगी घासून काढतो. फोटो त्या आपटण्यात आहे. मान वळते, डोळ्यात उजेड चमकतो आणि किड्याचे पंख चोचीबाहेर फाकलेले दिसतात. बसून राहिलं तर तासाभरात असे पाच-सहा प्रसंग मिळतात. उभं राहून एकही नाही.

नीलपंखाची गोष्ट वेगळी. बसलेला असताना तो मातकट दिसतो. निळाई पंख उघडल्यावरच. पक्षी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने झेपावतात, म्हणून वारा आणि सूर्य दोन्ही आपल्या पाठीशी येतील अशी जागा धरायची. मग झेप आपल्याकडे तोंड करून होते. नाहीतर शेपटीचे फोटो भरपूर जमतात.

तलावाच्या काठावर वारकरी पक्षी, हळदीकुंकू बदक, बगळे. बगळ्याच्या बाबतीत हमखास चूक होते. पांढरा विषय दिसला की एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) वाढवायचं, असं कुठेतरी वाचलेलं असतं. ते चौकट पांढऱ्याने भरली असेल तेव्हा खरं. काळ्याशार पाण्यावर एकटा बगळा असेल तर कॅमेऱ्याचा प्रकाशमापक (मीटर) पाणी मोजतो, फोटो उजळ करतो आणि पिसांचा तपशील जळून जातो. तिथे एक्स्पोजर उणे १ करावं लागतं. जळलेलं पांढरं रॉ फाइलमधूनही, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या मूळ नोंदीतूनही, परत येत नाही.

आता नऊनंतरचं. साडेनऊ-दहाला माळ तापतो आणि लांबचे फोटो मऊ येऊ लागतात. लोक लेन्सला दोष देतात, फोकस तपासत बसतात, कोणी लेन्स दुरुस्तीलाही देतो. दोष हवेचा असतो. तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या गरम हवेचे थर प्रकाश वाकवतात, त्यामुळे ४० मीटरवरचा पक्षी ३०० मिमीच्या लेन्समधून धड स्पष्ट होत नाही. शटर कितीही वाढवा, थरथर गोठते पण वाकलेली कड वाकलेलीच राहते. उपाय दोनच : अंतर कमी करा, किंवा सावलीतून सावलीतलं टिपा. डांबरी रस्त्याच्या पलीकडचं तर दहानंतर टिपूच नये. खात्री करायची असेल तर त्याच लेन्सने पाच मीटरवरचं पान टिपून बघा. ते धारदार आलं तर लेन्स निर्दोष आहे.

परत येताना तर्री पोहे. दुपारी बॅटऱ्या चार्जिंगला, कार्ड रिकामी, झोप. संध्याकाळी कुठे जायचं नाही.

दिवस दुसरा : रामटेक

नागपूरहून रामटेक ५० किलोमीटरच्या आसपास. कामठी, कन्हान, मनसर आणि मनसरहून उजवीकडे. एसटी आहे, रेल्वेही आहे, पण उजेडाच्या आधी पोचायचं तर स्वतःचं वाहन हवं. पहाटे पाचला निघालं की सहाला अंबाळा तलावावर.

गाडीरस्त्याने थेट गडाखाली जाण्यापेक्षा अंबाळ्याच्या बाजूने जुन्या पायऱ्यांनी चढावं. तलावाभोवती देवळं आणि घाट आहेत आणि इथून गड पश्चिमेला येतो, म्हणजे उगवतीचा पहिला उजेड थेट त्याच्यावर पडतो. वारा सुटायच्या आत, सातच्या आधी, देवळांचं प्रतिबिंब मिळतं. प्रतिबिंबाच्या फोटोत पोलरायझर फिल्टर लावून पूर्ण फिरवू नका. तो पाण्यावरची चमक मारतो आणि तिच्याबरोबर प्रतिबिंबही जातं. घाटावर अस्थिविसर्जनाचे, पिंडदानाचे विधी चालतात. तिथे कॅमेरा खाली. लांब लेन्सने चोरून टिपणं हे विचारून टिपण्यापेक्षा वाईट.

टेकडीची उंची पायथ्यापासून शे-दीडशे मीटरच. नुसतं चढायला अर्धा-पाऊण तास, फोटोसह दोन तास. पायऱ्यांचे दगड घासून गुळगुळीत झालेत. धूळ बसलेल्या गुळगुळीत दगडावर रबरी तळवाही घसरतो, विशेषतः उतरताना डोळा स्क्रीनवर असेल तर. चालताना कॅमेरा बंद, फोटो थांबून.

आणि माकडं. रामटेकचे वानर तोंडाने काळे, अंगाने रुपेरी, शेपूट अंगापेक्षा लांब. प्रसादाचं नारळ आणि प्लॅस्टिकची पिशवी त्यांना दुरून ओळखू येते. हातात काहीही लोंबतं ठेवायचं नाही : पिशवी नाही, चष्म्याची दोरी नाही, लेन्सचं झाकण दोरीने बांधलेलं तर अजिबात नाही. खाऊ बॅगेच्या तळाशी, चेन पूर्ण लावून. चेन अर्धी उघडी राहिली तर वानर ती बोटांनी सराईतपणे सरकवतं. हिसकावलंच तर ओढाओढ करू नये. ते चावतं, आणि मग रेबीजच्या लसीसाठी दवाखाना गाठावा लागतो. दात दाखवणारं वानर हसत नसतं.

त्यांचा फोटो अवघड आहे आणि म्हणूनच घ्यावा. काळ्या तोंडावर स्पॉट मीटर लावलं (म्हणजे फक्त तेवढ्याच ठिपक्याचा उजेड मोजला) की कडेची रुपेरी लव जळून जाते. पूर्ण चौकटीचं मीटरिंग ठेवा, उणे ०.३ ते ०.७, फोकस डोळ्यावर. तोंडाची सावली नंतर रॉमध्ये उचलता येते. सूर्य त्यांच्या मागे असेल तर लवेची कड चांदीच्या तारेसारखी पेटते. बुरुजावर बसलेली आई आणि मागून येणारा साडेसातचा उजेड, एवढं जुळलं की बाकीचा गड नाही टिपला तरी चालतं.

गडावर वराहाची मोठी मूर्ती लागते, पुढे एकामागून एक दरवाजे आणि मग राम-लक्ष्मणाची देवळं. गाभाऱ्यात कॅमेरा काढायचा नाही. टेकडीवरचं केवल नरसिंहाचं देऊळ वाकाटक काळातलं, म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वीचं, आणि गडाइतकी गर्दी तिथे नसते. आतली नरसिंहाची मूर्ती लाल दगडाची आणि खोली अंधारी. फ्लॅश मारला तर दगड सपाट दिसतो. कॅमेरा भिंतीला टेकवा, आयएसओ ३२००, १/१५ सेकंद, दारातून येणारा आडवा उजेड. छिन्नीचे घाव दिसतात. कालिदासाच्या मेघदूतातला रामगिरी हाच, असं मानणाऱ्यांनी टेकडीवर कालिदास स्मारक उभारलंय. ढग बघायचे तर आषाढात यावं. फेब्रुवारीत आभाळ कोरडं ठणठणीत.

मुक्काम रामटेकमध्ये. रात्री लवकर झोपावं, पुढच्या रात्री झोप थोडीच.

दिवस तिसरा : खिंडसी, पळस, सिल्लारी

उजाडताना खिंडसी जलाशय. रामटेकहून गाडीने काही मिनिटांचं अंतर. पाहुणी बदकं परतीच्या तयारीत असली तरी चक्रवाकाच्या जोड्या अजून दिसतात. काठावर उभं राहिलं की ती उठतात आणि मधोमध जाऊन बसतात. काठापासून मागे झुडपाच्या रेषेत बसलं की अर्ध्या तासात परत येतात. त्यांना उडवून उडतानाचा फोटो घेणारे असतात. लांबच्या प्रवासाआधी त्या पक्ष्याला साठवलेली चरबी हवी असते, हे त्यांच्या गावी नसतं.

आठपर्यंत तिथून निघायचं, कारण आजच्या दिवसाचा खरा मानकरी रस्त्यात आहे. मनसरला परत येऊन जबलपूर रस्त्याने उत्तरेकडे, पवनीहून डावीकडे सिल्लारीला. या पट्ट्यात शेताच्या बांधांवर आणि पडीक जमिनीत पळसच पळस. पळसाला पाने तीनच म्हणतात. या दिवसांत तीही नसतात. उघड्या वाकड्या फांद्यांवर नुसता केशरी जाळ. जवळ जाऊन एक फूल बघा : मखमली, जवळजवळ काळा, देठासकटचा पेला आणि त्यातून पोपटाच्या चोचीसारखी वाकलेली पाकळी. त्या पाकळीवर बारीक रुपेरी लव असते, ती आडव्या उजेडात दिसते, डोक्यावरच्या उन्हात नाही.

पळस कॅमेऱ्याला फसवतो. साधा हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) ठीक दाखवत असतो, पण लाल चॅनल कधीच उजव्या भिंतीला जाऊन आदळलेला असतो. परिणामी पाकळीतल्या शिरा, घड्या सगळं जाऊन नारिंगी डाग उरतो. कॅमेऱ्यात तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम चालू करा आणि लाल रेष भिंतीपासून सुटेपर्यंत एक्स्पोजर खाली आणा; उणे ०.७च्या आसपास येतं. कॅमेऱ्यातला 'व्हिव्हिड' रंग बंद, कारण तो हिस्टोग्रामही भडक दाखवतो. पार्श्वभूमीला पांढुरकं आभाळ असेल तर झाड सोडून द्या. ज्या पळसामागे डोंगराची सावली किंवा सागाच्या खोडांची गर्दी आहे तो शोधा. रंग तिथेच पेटतो.

दहा मिनिटं थांबलं की पाहुणे येतात. शिंजीर, टकाचोर, पोपट, सातभाई आणि सगळ्यांवर कडी म्हणजे गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची पळसमैना. नावातच पळस. थव्याने येते, कलकलाट करते, चोच मधात बुडवते, कपाळ परागाने पिवळं करून घेते आणि सगळा थवा एकदम उठतो. १/१६००, एफ ८, आणि नजर एका पक्ष्यावर. थव्यावर फोकस लागत नाही.

दहानंतर कॅमेरा आत, गाडी सिल्लारीला. पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या महाराष्ट्रातल्या भागाचं हे प्रवेशद्वार. गाभा क्षेत्रात पायी जाता येत नाही. तिथे जिप्सीच, आणि तो वेगळा विषय. पायी फिरायचं ते बफरमधल्या, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातल्या, ठरावीक वाटांवर, परवानगी काढून आणि वनखात्याचा मार्गदर्शक सोबत घेऊन. त्याचं ऐकायचं. वाघाचा माग असलेल्या वाटेवर तो 'मागे फिरा' म्हणाला की मागे फिरायचं, फोटो अर्धा राहिला तरी.

दुपारी साडेतीनची फेरी. इथे अडचण वेगळीच : सागाची वाळलेली पानं. एकेक पान सुपाएवढं, आणि पाय पडला की पापडासारखं कडाडतं. पन्नास पावलांवरचं चितळ पहिल्याच कडाक्याला मान वर करतं, दुसऱ्याला शेपूट. म्हणून बैलगाडीच्या चाकोरीतून चाला, तिथे धूळ असते, आवाज नसतो. नाहीतर जाळरेषेवरून, म्हणजे वणवा अडवायला मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यावरून. १५ फेब्रुवारीपासून वणव्याचा हंगाम धरला जातो आणि जाळरेषा झाडून साफ केलेल्या असतात, चालायला गालिचाच. याच कारणाने विडी, सिगारेट, चहाचा स्टोव्ह काहीही न्यायचं नाही. सकाळी आठपर्यंत दवाने पानं नरम असतात आणि आवाज निम्म्यावर येतो, त्यामुळे पानगळीच्या जंगलात पहाटेची फेरीच खरी.

कपड्यांबद्दल दोन गोष्टी. कुसळी गवताचं बी मोज्यात घुसतं आणि पिळासारखं फिरत आत शिरतं; लोकरी मोजे नकोत, गुळगुळीत कापडाची पँट मोज्यांवरून घ्या. दुसरी खाजकुयली. वेलीवर लोंबणाऱ्या तपकिरी मखमली शेंगा फार फोटोजेनिक दिसतात, हात लावू नये. वाऱ्यानेही त्याची कुसं अंगावर येतात. लागलीच तर चोळायचं नाही. कापडी चिकटपट्टी त्वचेवर दाबून ओढून काढा, दोन-तीनदा, आणि मगच धुवा. आधी पाणी लावून चोळलं तर खाज सगळीकडे पसरते.

तिसरी रात्र

जानेवारी २०२४मध्ये पेंचचा हा भाग भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क (रात्रीचा अंधार जपलेलं रान) ठरला. वाघोली, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतले रस्त्यावरचे दिवे जमिनीकडे तोंड करणारे बसवले आहेत आणि वाघोलीला आकाशनिरीक्षणाची सोय आहे. रात्री पायी भटकणं इथे बंद आणि ते योग्यच. हे बिबट्या-वाघाचं रान आहे. नेमून दिलेल्या जागेवरच ट्रायपॉड लावायचा, लाल उजेडाचा हेडटॉर्च वापरायचा, पांढरा नाही. डोळ्यांना अंधार सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि मोबाईलची एक झलक ती सगळी मेहनत वाया घालवते.

साडेसातला मृग नक्षत्र माथ्याजवळ, खाली व्याधाचा तारा. व्याध फोकससाठी. लेन्स मॅन्युअलवर, लाइव्ह व्ह्यू (स्क्रीनवरचं चित्र) दहा पट मोठा करून व्याधाचा ठिपका सर्वात लहान होईपर्यंत रिंग फिरवा आणि रिंगवर चिकटपट्टी लावा. लेन्सवरच्या अनंताच्या (∞) खुणेवर विश्वास ठेवू नका. बऱ्याच लेन्स त्याच्याही पुढे फिरतात आणि अख्ख्या रात्रीचे तारे भोपळे होऊन येतात. सव्वाआठच्या सुमारास दक्षिणेला अगस्तीचा तारा सर्वात वर येतो, तोही क्षितिजापासून जेमतेम १६ अंशांवर. त्याच बाजूला क्षितिजावर नागपूरचा पिवळा उजेड. ७० किलोमीटरवरचं शहरही लपत नाही.

तारे बिंदूसारखे हवेत तर शटरला मर्यादा आहे. जुना ५००चा नियम क्रॉप बॉडीवर १६ मिमीला २१ सेकंद देतो, पण २४ मेगापिक्सेलवर तेवढ्यात तारा अळी होतो. ३०० धरा : ३०० भागिले (१६ गुणिले क्रॉप सेन्सरचा १.५), म्हणजे साडेबारा सेकंद. एफ २.८, आयएसओ ३२००, व्हाइट बॅलन्स ४००० केल्विन. किटच्या एफ ३.५ लेन्सवर आयएसओ ६४०० करा आणि एकाच चौकटीचे दहा फोटो घेऊन नंतर संगणकावर जोडा, फोटोतला दाणा (नॉइज) बराच कमी होतो.

ताऱ्यांच्या रेघा हव्या असतील तर उत्तरेकडे. ध्रुव इथे क्षितिजापासून २१ अंशांवर, कारण अक्षांश तेवढाच. समोर कुलूचं झाड मिळालं तर सोनं. निष्पर्ण, पांढरंफटक खोड, ताऱ्यांच्या उजेडातही दिसतं. भुताचं झाड उगीच नाही म्हणत. ३० सेकंदांचे १२० फोटो, मधे एक सेकंद. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद करायला विसरलात तर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ विचार करत बसतो आणि रेघा तुटक येतात.

मग साडेतीनपर्यंत झोप.

दिवस चौथा, अर्धा

आकाशगंगेचा मधला, जाड भाग या दिवसांत पहाटेच दिसतो. वृश्चिकाच्या शेपटीपाशी, आग्नेयेला. चारला तो बऱ्यापैकी वर येतो आणि सव्वापाचनंतर पूर्वेला फटफटू लागतं. म्हणजे हातात सव्वा तास. नागपूर नैर्ऋत्येकडे, त्यामुळे त्याचा उजेड या चौकटीत येत नाही. या तासात बिघडतं ते दवामुळे. फोटो हळूहळू धुरकट होतात, अंधारात कळत नाही, आणि उजाडल्यावर लेन्सवर ओल दिसते. दर पंधरा मिनिटांनी काचेवर तिरपा लाल उजेड टाकून बघा. नुसतं पुसलं तर दव परत येतं. लेन्स हवेपेक्षा अंशभर गरम ठेवावी लागते. यूएसबीवर चालणारा हीटरपट्टा मिळतो, नाहीतर लोकरी मोजा कापून लेन्सभोवती घाला, तासभर निभतं.

उजाडल्यावर नरम पानांवरची शेवटची फेरी, दीड किलोमीटर पुरे. नऊला परत निघायचं.

परतीच्या वाटेवर मनसरची हिडिंबा टेकडी आहे, उत्खननात निघालेली विटांची जुनी बांधणी. इथे पोचेपर्यंत दहा वाजतात आणि आतापर्यंत सांगितलेला उजेडाचा नियम उलटतो. पानाला, पिसाला वाईट असलेलं चढतं ऊन विटांना मानवतं. प्रत्येक थराखाली सावलीची बारीक काळी रेघ पडते. रुंद लेन्स, एफ ८, रंग काढून काळं-पांढरं. साडेअकराला त्या रेघा पुसट होतात, मग मनसरच्या चौकात आलूबोंडा.